सीपॅप सोसत नाही? कागदावर दाखवा!

इन्स्पायर, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी) शरीरात बसवतात ते यंत्र, बसवून घेतलं म्हटलं की जो तो ऑपरेशनबद्दलच विचारतो. अहो, ऑपरेशनचं काही नाही. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. उजव्या कॉलरबोनच्या खाली एक डबी आणि तिथून हनुवटीखालच्या हायपोग्लॉसल नर्व्हपर्यंत, म्हणजे जीभ हलवणाऱ्या नसेपर्यंत, गेलेली वायर. झोपेत जीभ मागे पडून घसा बंद होतो. ही नस चेतवली की जीभ पुढे सरकते आणि वाट मोकळी राहते. पुण्याहून आई म्हणाली, "घोरण्यासाठी कुणी ऑपरेशन करतं का?" तिला काय सांगणार, इथे न्यू जर्सीत ऑपरेशनपेक्षा त्याची मंजुरी अवघड.

माझा श्वास तासाला 38 वेळा अडकायचा. सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, होतं, पण मास्क लावला की जीव गुदमरायचा आणि मध्यरात्री कधीतरी झोपेतच मी तो ओढून काढायचो. सर्जनच्या ऑफिसने विमा कंपनीकडे प्रायर ऑथरायझेशन (उपचाराआधीची मंजुरी) मागितलं. उत्तर आलं: नामंजूर. कारण, "सीपॅप अयशस्वी झाल्याचा पुरावा नाही."

पुरावा म्हणजे काय, तर मशीनचा रोजच्या वापराचा अहवाल. आठवड्यातल्या पाच रात्री, रोज किमान चार तास मशीन वापरता आलं नाही, तर ते 'सोसत नाही' असं धरतात. माझा अहवाल कुठे होता? मशीन देणारा सप्लायर म्हणे डॉक्टरांकडे. डॉक्टरांचं ऑफिस म्हणे सप्लायरकडे. विमा कंपनी म्हणे आम्हाला फॅक्स आलाच नाही. फॅक्स! जिभेच्या नसेत वायर बसवण्याच्या काळात! होल्डवरचं ते संगीत मला आता पाठ आहे. आणि प्रत्येक वेळी नवा माणूस, त्याला जन्मतारखेपासून सगळी कथा पुन्हा.

शेवटी वैतागून मशीनच्या बाजूचं झाकण उघडलं, आतलं एसडी कार्ड काढलं आणि स्लीप क्लिनिकमध्ये नेऊन काउंटरवर ठेवलं. तिथल्या मुलीने दोन मिनिटांत प्रिंट काढली. दोन तास दहा मिनिटं, तीन तास, एक तास, मग नुसती रिकामी रात्र. माझ्या वाईट झोपेचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. पण तोवर मूळ स्लीप स्टडीला, म्हणजे झोपेच्या तपासणीला, दोन वर्षं होऊन गेली होती आणि कंपनीला तीही ताजी हवी होती! पुन्हा घरी टेस्ट, बोटाला क्लिप, छातीला पट्टा. त्यानंतर सर्जन स्वतः कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलले. याच यंत्राचा 2014 चा 126 रुग्णांवरचा अभ्यास त्यांनी पुढे केला: वर्षभरात श्वास अडकण्याचा तासाचा आकडा 29 वरून 9 वर आला होता. मग मंजुरी.

म्हणून सीपॅप बंद करायचं ठरवलं तरी मशीन लगेच परत करू नका. आणि हो, ऑपरेशनआधी गुंगीचं औषध देऊन घशात दुर्बीण घालतात. टाळू चहूबाजूंनी एकदम मिटत असेल, तर हे यंत्र चालत नाही. ती तपासणी लवकर उरकून घ्या. एफडीएने (अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) 2023 मध्ये या यंत्रासाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाची, मर्यादा 40 पर्यंत नेली, पण म्हणून आपली विमा कंपनी तेवढं मानते असं समजू नका, तिची पॉलिसी वाचा.

यंत्र महिन्याभराने चालू करतात. पहिल्यांदा जीभ आपोआप पुढे आली तेव्हा मी हसलोच. आता झोपताना रिमोट दाबतो. डोळा लागेपर्यंत यंत्र थांबतं, मग काम सुरू करतं. बायको म्हणते, घर शांत आहे.

नकार आला तर अंतर्गत अपिलाला 180 दिवस असतात आणि तिथेही नाही म्हणाले तर कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. नकाराच्या पत्रात हे अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतं. फोन केलात तर बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या, नाहीतर पुढचा माणूस "अशी काही नोंदच दिसत नाही" म्हणेल.