पॅराव्हेनचे ब्रॅकेट तडकले आणि डुलण्याचा हिशेब पुन्हा मांडला

जयगड ते विजयदुर्ग हा सुमारे ४५ सागरी मैलांचा टप्पा पॅराव्हेन (डुलणे कमी करण्यासाठी बोटीच्या दोन्ही बाजूंना दोराने पाण्यात सोडलेले वजनदार 'मासे') लावूनच पार करायचा, असे मागच्या नोंदीत लिहिले होते. पूर्णगड डावीकडे दिसू लागेपर्यंत सारे उत्तम चालले. त्यानंतर समुद्राकडच्या आउटरिगरच्या (मासा टांगण्यासाठी बाजूला पसरलेल्या खांबाच्या) बुडाशी असलेले ब्रॅकेट वेल्डच्या कडेने तडकले. दोन्ही मासे वर ओढून घेतले, आउटरिगर उभे करून बांधले आणि उरलेला प्रवास आमच्या ट्रॉलरच्या घाटाच्या 'कासवी' बोटीने नेहमीसारखा डुलत पुरा केला. विजयदुर्गला नांगर पडल्यावर भिंगाखाली पाहिले, तर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ दिसला. हा पत्रा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील म्हणून विकत घेतलेला होता. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि चाचणीच्या द्रावणाचा थेंब टाकला की रंग पालटतो. येथे रंग ढिम्म पालटला नाही. पुरवठादाराचे नाव लिहीत नाही. मात्र यापुढे पोलाद गिरणीच्या प्रमाणपत्राशिवाय स्टेनलेस घेणार नाही, किंवा सरळ मिरकरवाड्यातल्या बोटींसारखे गॅल्व्हनाइज केलेले साधे लोखंड वापरीन. ते गंजते, पण निदान खोटे बोलत नाही.

ब्रॅकेट नवे होईलच. खरा प्रश्न त्याच्या मागचा आहे, आणि शिडाची बोट विकून ट्रॉलरच्या घाटाच्या बोटीकडे वळणाऱ्या प्रत्येकाला तो भेटणार आहे. आमची आधीची शिडाची बोट 'टिटवी' डुलत नसे असे नाही. पण तिची उंच डोलकाठी प्रत्येक हेलकावा सावकाश करी, आणि शिडात वारा असला की ती एका अंगावर कलून स्थिर राही. 'कासवी' रुंद आहे, तिची डोलकाठी बुटकी आहे आणि वजन सगळे खाली आहे. त्यामुळे ती उलटण्याची भीती कमी, पण सरळ होण्याची घाई फार. जयगडच्या खाडीत भरती थबकलेली असताना दोर सैल सोडून, दोघांनी डेकच्या एका कडेवर तालात भार देऊन तिला डुलवले आणि घड्याळ लावले: दहा हेलकाव्यांना ४१ सेकंद, म्हणजे एकास ४.१. रुंदी ४.२ मीटर. रुंदीला ०.८ ने गुणून आवर्तकाळाने भागायचे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा, या ठोकताळ्याने मेटासेंट्रिक उंची (बोट कलली की सरळ होण्याचा जोर दाखवणारे माप) सुमारे ०.६७ मीटर येते. या आकाराच्या बोटीला ही उंची भरपूर आहे, आणि झटके बसतात ते त्यामुळेच. डिंगी आणि बॅटऱ्या वरच्या डेकवर नेल्या तर हेलकावा मंद होईल, हेही कागदावर दिसते. परंतु सुखासाठी स्थिरतेची शिल्लक मोडणे मला मान्य नाही.

आता लाटांकडे पाहू. कोकणचा किनारा दक्षिणोत्तर आणि लाट पश्चिमेची, त्यामुळे ती बहुतेक वेळ कुशीवरच येते. या दिवसांत त्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेली, साधारण ६ ते ८ सेकंदांची वायव्येकडची फुगही (दूरवरून येणारी लांब लाट) मिसळते. ती कुशीवर आली तरी आमच्या ४.१ सेकंदांपासून दूर असते, म्हणून बोट तिच्यावरून नुसती वरखाली होते. त्रास देतात त्या दुपारच्या खाऱ्या वाऱ्याच्या आखूड लाटा. उत्तरेकडे ६.५ नॉटने निघालो आणि ५ सेकंदांची लाट डाव्या नाळेवर (पुढच्या टोकावर) ४५ अंशांनी आली, की बोटीला ती सुमारे ३.८ सेकंदांनी भेटते. म्हणजे जवळजवळ आमचाच ताल! अशा वेळी २० अंश वळून किंवा वेग उतरवून तो ताल मोडता येतो. शीडवाल्याची तिरपे जाण्याची जुनी सवय येथे उपयोगी पडते आणि इंजिनवाले शेजारी आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतात.

शीडवाल्याच्या मनात पहिला उपाय येतो तो स्थिरतेसाठी लहान शीड लावण्याचा. ते शिवून घेतले आहे आणि दुपारी ते काम करते. पण पहाटेची मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडल्यापासून खारा वारा उठेपर्यंत समुद्रावर वारा नसतो, आदल्या दिवसाची फूग मात्र असते. त्या तासांत शीड नुसते फडफडते. फिरत्या चाकाने डुलणे रोखणाऱ्या गायरोसाठी जनरेटर अखंड चालवावा लागेल; ते आमच्या बजेटमध्येही बसत नाही आणि माझ्या कानांनाही सोसणार नाही.

पॅराव्हेनची गुणवत्ता मात्र पूर्णगडपर्यंत मनसोक्त अनुभवली. ओट्यावरचा चहाचा पेला जागचा हलला नाही. बोट एका अंगावर गेली की त्या बाजूचा मासा नाकातल्या शिशाच्या भाराने खाली सूर मारतो आणि ती परतताना पाण्याला अडून तिला धरून ठेवतो. त्यासाठी पाऊण नॉटची किंमत पडली, ती मी आनंदाने दिली असती. अडचण जाळ्यांची आहे. पाच मीटर खोल चालणारे दोन मासे घेऊन मासेमाऱ्यांच्या जाळ्यांतून वाट काढणे म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे. जयगडच्या एका नाखव्यांनी हे शांतपणे सांगितले, आणि त्यांच्याशी वाद घालण्याजोगे माझ्याकडे काही नव्हते.

मधल्या काळातली एक चांगली बातमी. नव्या ग्लँड पॅकिंगने (पंख्याच्या शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भरावाने) अखेर शहाणपण दाखवले: शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब, थांबल्यावर एकही नाही, आणि हात लावला तर ग्लँड कोमट. ६.५ नॉटला तासाला सहा लिटर डिझेल लागते. ११ मीटरच्या जलरेषेला ८ नॉटची मर्यादा असताना ७.५ चा हट्ट धरला, तर खर्च दुपटीच्या पुढे जातो.

ही नोंद लिहिता लिहिताच बिल्ज कीलचा, म्हणजे तळाच्या दोन्ही वळणांवर बसवायच्या लांब पट्ट्यांचा, विचार पक्का होत आहे. लाटेचा ताल बोटीच्या तालाशी जुळला की हेलकाव्याला लगाम घालणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे पाण्याचा अवरोध. आणि बिल्ज कील नेमका तोच वाढवते. पॅराव्हेनइतकी नाही, पण ती जाळ्यात अडकत नाही, तिला ब्रॅकेट नाही आणि ओहोटीला चिखलात बोट सरळ बसायलाही मदत करील. तळाच्या वळणावर, मधल्या तिसऱ्या भागात, साधारण पावणेचार मीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद अशी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आहे. बोटीची रुंदी आणि १.२ मीटरचा खोलावा यांच्या चौकटीबाहेर ती जाऊ नये, म्हणजे जेटीला घासणार नाही. जोड असा हवा की खडकाला लागलीच तर पट्टी तुटावी, तळ फाटू नये.

पट्टी पाण्याच्या प्रवाहाला समांतर बसली नाही, तर ती नुसता ब्रेक ठरेल. म्हणून आता परत जयगडला जाण्याऐवजी आणखी ३० मैल दक्षिणेला मालवणला जायचे ठरत आहे. तिथे पाणी निवळ असते. तळाला लोकरीचे आखूड धागे चिकटवून, पाण्याखालचा कॅमेरा लावून ६.५ नॉटने फेऱ्या मारायच्या आणि धागे ज्या दिशेने वळतील ती रेघ तळावर आखून घ्यायची. बोट मे महिन्यात वर ओढली की फायबरचे काम त्याच रेघेवर होईल. आउटरिगर काढणार नाही. नांगरावर असताना त्यांना लटकवायच्या सपाट पाट्यांसाठी ते लागतीलच. ज्यांनी फायबरच्या तळावर बिल्ज कील बसवली आहे, त्यांनी गाभ्याला मरीन प्लाय घेतला की फोम, तेवढे कळवावे.