हँडल ज्याच्या हातात, शब्द त्याचा

पैठणकडं मे महिन्यात पाहुणे आले की दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम ठरलेला, चला जायकवाडी धरण बघू. आता तर काही जणांनी स्वतःच्या फायबरच्या बोटी घ्यायला सुरुवात केलीय, मागं बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन, घरच्यांना फिरवायला. घ्या की, पैसा तुमचा. इंजिन चालवायला माणूस दुपारभरात शिकतो, पण काठावर उभ्या असलेल्या भावकीला "आता बास, दोघं खाली उतरा" म्हणायला छाती लागते, आणि माझ्या मते बोटवाल्याचं खरं काम तेच.

कारण हे लोक ऐकत नाहीत. सहाची बोट असली की आठ चढतात, वरून "लेकरू मांडीवर घेतो ना, त्याचं काय वजन". अहो लेकरू पण माणसातच मोजायचं. बरं बसले तर गुपचूप बसावं, पण एकाला पक्षी दिसला की सगळे मोबाईल काढून त्याच बाजूला, आणि बोट एका अंगावर. बोट उलटायला दरवेळी वादळच लागतं असं नाही.

तरी वाऱ्याचं सांगतोच. नाथसागर, म्हणजे ह्या धरणाचा जलाशय, काही गावातलं तळं नाही, लांबी ५५ किलोमीटरच्या आसपास, काही ठिकाणी रुंदी २७. पाणी पसरट आणि बरंच उथळ, त्यामुळं वारं सुटलं की बघता बघता लाटा उठतात, त्यापण आखूड आणि खड्या, एकीतून सावरतोय तोवर दुसरी अंगावर. वळवाच्या दिवसात दुपारनंतर आभाळ भरायला लागलं की बोट काठाला लावायची, मग पाहुणे कितीही तोंड वाकडं करू देत. २१ मे २०२४ ला उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली, ६ जण गेले. उजनी काय आपल्यापासून लांब आहे का.

दुसरी गोष्ट पाण्याखालची. ह्या धरणात गावंच्या गावं गेलीत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठं भिंत, कुठं बाभळीचं खोड हातभर पाण्याखाली असतं, वरून काहीच दिसत नाही. म्हणून अनोळखी भागात हळूच जायचं, आणि जायच्या आधी तिथल्या मासेमारीवाल्यांना विचारायचं, त्यांना सगळं तोंडपाठ असतं. त्यांच्या जाळ्याला बाटल्या नाहीतर थर्माकोल बांधलेला असतो, तो दिसला की लांबून वळसा. आणि त्यांच्या चप्पूजवळून, म्हणजे छोट्या होडीजवळून, फुल स्पीडनी जाऊ नका रे, तुमच्या लाटेनं तो माणूस पाण्यात जाईल, त्याचं पोट आहे त्याच्यावर.

समोरून बोट आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडं व्हायचं. इथंच आपली गोची होते, रस्त्यावर जन्मभर डावीकडून चाललेलो, हात आपोआप डावीकडं जातो. त्यात हँडलवालं इंजिन असलं तर अजून मजा, हँडल डावीकडं ढकललं की बोटीचं तोंड उजवीकडं जातं. हे मोकळ्या पाण्यात एकट्यानं करून हातात बसवायचं, मगच लेकरंबाळं घ्यायची. आडवी बोट उजव्या हाताकडून येत असेल तर तिला वाट द्यायची, आणि ओव्हरटेक करणाऱ्यानं लांबून जायचं.

इंजिनला एक गुंडाळीची लाल दोरी असते, किल स्विचची. बरेच जण ती इंजिनलाच लटकवून ठेवतात. ती मनगटाला नाहीतर लाइफ जॅकेटला अडकवायची, म्हणजे चालवणारा पडला की दोरी निघून इंजिन बंद होतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरत पडलेल्या माणसावरच येते, आणि इंजिनचा पाण्यातला पंखा काही ओळख बघत नाही. कुणी पाण्यात पडलं तर त्याला वर घेतानाही इंजिन आधी बंद.

कागदाचं थोडक्यात. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला, इंजिनच्या बोटीला नोंदणी, तपासणीचा दाखला, इन्शुरन्स ह्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. शिवाय जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वनखात्याला विचारल्याशिवाय बोट टाकायचीच नाही. दारू पिऊन चालवण्याबद्दल मी लिहित पण नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं.

जॅकेट मात्र सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही, आणि काठावरच घालायचं. विहिरीत सूर मारणारे आमच्याकडं शेकड्यानं आहेत पण विहिरीला चार हातावर कठडा असतो, इथं काठ दिसतो तेवढा जवळ नसतो. म्हणून बोट उलटली तरी बोटीला धरूनच राहायचं, पोहत निघायचं नाही. लेकरांचं जॅकेट वेगळं मिळतं, पायातून घ्यायचा पट्टा असलेलं. मोठ्याचं घालून वरून ओढणी बांधली तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि लेकरू खालून निसटतं. त्या मापाचं जॅकेट नसेल तर लेकराला आजीजवळ काठावर बसवा, आईसक्रीम द्या, रडलं तर रडू द्या.