बार्नेनेझला खाणवाल्या अण्णांबरोबर

मी टूर मॅनेजर आहे, फ्रान्सचे ग्रुप बघते. यावेळी ब्रिटनीच्या, म्हणजे वायव्य फ्रान्सच्या ग्रुपमधे रत्नागिरीकडचे एक अण्णा होते, स्वतःची खाण आणि खडी क्रशर असलेले. मोर्लेच्या खाडीवर बार्नेनेझला पोचलो तर बाकीचे समुद्राचे फोटो काढत बसले आणि अण्णा सरळ त्या दगडी टेकाडाकडे चालू पडले.

टेकाड म्हणजे थडगं आहे हो. 72 मीटर लांब, आत दफनाच्या 11 खोल्या, साधारण साडेसहा हजार वर्षांपूर्वीचं, गिझाच्या पिरॅमिडपेक्षा जवळजवळ 2000 वर्षं जुनं. चुना नाही काही नाही, दगडावर दगड, आपल्याकडचा गडगा असतो तसा.

अण्णा म्हणाले, "ताई, हे दोनदा बांधलंय, इकडचा दगड काळा आणि तिकडचा फिका, खाणच वेगळी." मी तिथल्या गाईडबाईंना विचारलं तर त्या एकदम खूष! पूर्वेचा भाग आधीचा, तिथल्याच डोलेराइट नावाच्या काळ्या दगडाचा, पश्चिमेचा नंतर जोडलेला आणि त्यातला ग्रॅनाइट स्टेरेक नावाच्या बेटावरचा. ते बेट समोर पाण्यात दिसतं, पण तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच खाली होता, मधे इतकं पाणी नव्हतं.

मग मागच्या बाजूला गेलो. 1955 साली एका कंत्राटदाराने रस्त्यासाठी इथूनच दगड उचलायला घेतला होता, चार खोल्या उभ्या चिरल्या गेल्या, तो काप अजून तसाच ठेवलाय. अण्णा जाम चिडले. "भिंत दिसल्यावर थांबायचं ना, आमचा पोरगासुद्धा थांबेल." पण मग त्यांनीच सगळ्यांना बोलवून त्या कापावर दाखवलं की प्रत्येक थर थोडा थोडा आत सरकवत छत कसं मिटवलंय आणि मागचा भार त्याला कसा धरून ठेवतो, तो भार काढला तर सगळं खाली येणार. इतकं स्वच्छ मला कुठल्या माहितीपत्रकात मिळालं नव्हतं. पुरातत्त्वज्ञ पिएर-रोलां जिओ यांनी ते काम थांबवलं आणि 1968 पर्यंत इथे उत्खनन आणि डागडुजी चालली. शेजारचं असंच एक छोटं थडगं मात्र त्याआधीच जवळपास संपलं होतं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्या कार्यक्रमात इथे नुसता फोटो स्टॉप होता. तो काढून मी आता पूर्ण सकाळ टाकलीये.