कास, ठमी आणि शिट्टी

साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर एवढं लहान मूल नेऊ नये, असं निघण्यापूर्वी निदान अर्ध्या सोसायटीने आम्हाला ऐकवलं. कुणी गार वाऱ्याचं कारण दिलं, कुणी धुक्याचं, एका काकूंनी थेट दृष्ट लागण्याचं. खरं कारण मात्र कुणालाच सुचलं नाही. कास ही सगळी जागाच ‘हात लावू नका’ या नियमावर चालते आणि सव्वादोन वर्षांचं मूल हात लावल्याशिवाय काही बघतच नाही. आमची ठमी (हे घरातलं नाव, शाळेत घालताना दुसरं सांगू) वरण हाताने बघते, भिंत हाताने बघते, झोपलेल्या बाबाचे डोळे बोटाने उघडून आत कोण आहे तेही बघते.

नवरात्र सुरू होतं. पावसाने पाय काढता घेतला होता, पुण्यात दुपारी पंखा पुरेनासा झाला होता आणि नवऱ्याच्या रजा संपायच्या आत वापरायच्या होत्या. सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपास. त्या येणार नाहीत असं मी गृहीत धरलं होतं, तर आईंनी सगळ्यांच्या आधी पिशवी भरली. त्यात वरई, शेंगदाण्याचं कूट, सैंधव आणि ठमीचा लाडका मऊ फडका, म्हणजे त्यांच्याच एका जुन्या सुती साडीचा तुकडा. खंबाटकी घाटात ठमीने जे करायचं ते केलं. गाडीच्या मागच्या सीटला अजून आंबट वास येतो. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

साताऱ्यापासून थोडं वर, डोंगराच्या कडेला एक होमस्टे घेतला होता. जाहिरातीत ‘लहान मुलांसह कुटुंबांसाठी खास’ असं होतं. खास काय, तर गॅलरीच्या गजांमधलं अंतर: ठमीचं डोकं सहज आत जाईल आणि मग परत येणार नाही, बरोब्बर एवढं. ज्या दरीच्या देखाव्याचे पैसे मोजले त्या गॅलरीचं दार आम्ही दोन बॅगा आणि एक टेबल लावून बंद केलं आणि देखावा काचेतून पाहिला. गरम पाणी सोलरचं, म्हणजे सूर्य आला तर. ‘फॅमिली’ हा शब्द पाटीवर लिहिणाऱ्यांना एकदा तरी दोन वर्षांचं मूल घेऊन स्वतःच्याच खोलीत रात्र काढायला लावली पाहिजे.

माणसं मात्र लाख होती. संध्याकाळी आईंनी सहज विचारलं, इकडे भोंडला करतात का, तर स्वयंपाकघरातल्या दोघी हात पुसतच बाहेर आल्या. पाटावर खडूने हत्ती काढला. ठमीने तो दोन्ही हातांनी पुसला. पुन्हा काढला, तिने पुन्हा पुसला. शेवटी एकीने ठमीलाच उचलून पाटावर बसवलं, म्हणाली, ‘हाच आमचा हत्ती,’ आणि आम्ही सगळ्याजणी तिच्याभोवती फिरलो. नवरा खिरापत ओळखायला बसला आणि सपशेल हरला. आईंना उपासाची खिरापत वेगळी मिळाली, ती बहुतेक ठमीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कास. यवतेश्वरचा घाट चढून, साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं, कारण दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, आणि ते योग्यच आहे. गाडी खाली पार्किंगला लावायची, तिथून बसने वर. बाबागाडी आम्ही मोठ्या हौसेने नेली होती. पठार म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर जेमतेम बोटभर माती, मध्ये खळगे आणि पाणी. बाबागाडी तिकीटखिडकीपर्यंत चालली. पुढे तिला नवऱ्याने उचललं, ठमीला मी आणि आमच्या दोघांच्या पाण्याच्या बाटल्या आईंनी.

धुकं होतं. मग एकदम उघडलं. मी कास आधी कॉलेजात असताना पाहिलं होतं, त्यामुळे रंगांचा धक्का मला माहीत होता: तेरड्याचा गुलाबी-जांभळा, सोनकीचा पिवळा, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके. पण तेव्हा उभ्याने पाहिलं होतं. मोठ्या माणसांना कास म्हणजे रंगाचा पट्टा दिसतो. मग ती मोबाइल काढतात, पट्टा फोटोत येत नाही आणि ती चिडतात. ठमीला खाली सोडली तर तेरडा तिच्या हनुवटीला लागत होता. तिला पट्टा दिसतच नव्हता. तिला एक फूल, त्यावरची एक मुंगी, मग शेजारचं फूल असं दिसत होतं. मीही शेजारी उकिडवी बसले. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही साधारण चार पावलं पुढे गेलो.

कवल्याचं फूल तिनेच आधी शोधलं. पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात, त्यामुळे तिथले गाइड त्याला सरळ ‘मिकी माऊस’ म्हणतात. ठमीला मिकी माऊस ठाऊक नाही. तिने त्याला ‘भू भू’ ठरवलं आणि हात पुढे केला.

शिट्टी.

पठाराची व्यवस्था आसपासच्या गावांतल्या लोकांची समिती बघते. वाटेवर जागोजागी गावातली बायामाणसं गळ्यात शिट्टी अडकवून उभी असतात. कुणी वाट सोडून फुलांत पाय टाकला की शिट्टी. ठमीने दचकून हात मागे घेतला, शिट्टीवाल्या बाईंकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते भय नव्हतं. ती प्रेमात पडली होती. पुढे तिने तीनदा हात पुढे केला, फुलाकडे न बघता, बाईंकडे बघत. बाईंनीही तीनदा वाजवली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, ‘आवं ताई, तुमची पोरगी माज्या फुप्फुसाचा जीव घेतीया.’

पुढच्या वळणावर पाणी झिरपत होतं आणि तिथे सीतेची आसवं होती. निळसर जांभळी, नखाएवढी, दाट. ओल्या कातळावर अक्षरशः सांडल्यासारखी. आता नातीला गोष्ट सांगायची संधी आई सोडणार नाहीत हे मला कळायला हवं होतं. त्यांनी ठमीला जवळ घेऊन सांगितलं की सीतामाई वनात होती, तिला फार वाईट वाटलं, ती रडली आणि तिचे अश्रू पडले तिथे ही फुलं आली.

ठमीच्या जगात रडण्याबद्दल एकच कायदा आहे: कुणी रडलं की पुसायचं. पाळणाघरात ती हेच करते, कधीकधी समोरच्याची इच्छा नसतानाही. तिने आईंच्या पिशवीतून फडका ओढून काढला आणि निघाली.

शिट्टी. ह्या वेळी तिला ऐकूही आली नाही. मी धरलं तर तिने जमिनीवर बसकण मारून भोकाड पसरलं, ‘शीता ललते! पुशायचं!’ मागे माणसं साचली. एक जण म्हणाला, एवढ्या लहान पोरांना आणतात कशाला. दुसऱ्याने मोबाइल वर केला, त्याला मी जे म्हणाले ते आईंसमोर म्हणायला नको होतं.

शिट्टीवाल्या बाई आल्या. ‘काय म्हनतीया?’ आईंनी सगळं सांगितलं, सीतेपासून. बाई क्षणभर फुलांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कमरेला खोचलेला पदर सोडला, ठमीशेजारी बसल्या आणि फुलांच्या वर वीतभर अंतरावरून पदराचं टोक हवेतच अलगद फिरवलं. ‘ही बघ. हिचं असं पुसायचं. लांबनं. हात लावला की आजून रडती.’

ठमी गप्प झाली. तिने फडका घेतला आणि हवेतून पुसायला लागली. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, नाकातला शेंबूड तसाच.

‘हितं किती सीता हायेत बघ,’ बाई तिला म्हणाल्या. ‘सगळ्यांचं पुसत बसलीस तर दिवाळी हितंच.’

आम्ही तिथे बराच वेळ होतो. माझ्या पायांना मुंग्या आल्या. नवऱ्याने तेवढ्यात ‘खरं’ सांगायचा प्रयत्न केला: ही वनस्पती कीटकभक्षी आहे, पातळ मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून मुळांसारख्या तंतूंवर सूक्ष्म फुगे असतात आणि पाण्यातले बारीक जीव त्यात ओढून घेऊन ती पचवते. हे सगळं बरोबर आहे. आईंनी त्याच्याकडे फक्त एकदा बघितलं. मला मात्र ते फार आवडलं. वर असं रडवेलं रूप आणि खाली गुपचूप शिकार. सीतामाईलाही वनवासात पोटापाण्याचं बघावंच लागलं असणार.

गर्दीबद्दल लिहायला नको असं ठरवलं होतं, पण लिहिते. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे, आणि हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, कारण तो रील काढताना ते मोठ्याने सांगतो. सांगता सांगता तेरड्यावर बसतो. एका बाईंनी आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘आत जा, थोडा अजून आत’ करत फुलांत उभं केलं आणि शिट्टी झाल्यावर शिट्टीवालीलाच झापलं, ‘मुलं आहेत, फुलं काय परत येतात.’ परत येतात ती कशी, तर पावसाळा सरतानाच्या थोड्या आठवड्यांत फुलून, बी धरून, कातळ कोरडा पडायच्या आत सगळं आटपून. बी धरायच्या आत तुडवलं तर पुढच्या वर्षी काय येणार? हे मी त्यांना बोलले नाही. माझ्या कडेवरची कार्टी मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून, तोंडाने, सगळ्या ताकदीनिशी ‘फुर्र’ करत होती.

कुमुदिनी तळ्यापर्यंत जायचं होतं. नाही गेलो. चाललेलं अंतर मोजण्याइतकं नव्हतंच. बाईंनी आम्हाला निघताना टोपली कारवीची झुडपं दाखवली, नुसती हिरवी. ती सात वर्षांनी फुलते. ‘तवा या,’ त्या म्हणाल्या, ‘तवर ही शानी झालेली आसंल.’ ठमी त्यांची शिट्टी ओढत होती. ‘ही न्हाय मिळायची बाळा, ही समितीची हाय.’

ज्यांना लहान मूल घेऊन जायचं आहे त्यांनी शनिवार-रविवार टाळावा, एवढाच माझा सल्ला, आणि तोही आम्ही पाळला म्हणूनच एवढं तरी झालं. डायपर बदलायला जागा शोधू नका, सापडणार नाही. मी गाडीच्या डिकीत बदलला आणि शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी छत्री धरली, त्यांचं भलं होवो.

ठोसेघरचा धबधबा पाहिला. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ठमीला हव्या होत्या, एक तरी घरी न्यायला. सज्जनगडाच्या पायऱ्या आईंनी उपाशीपोटी आमच्या आधी चढल्या, त्याचा उल्लेख अजून रोज होतो.

परतताना साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला थांबलो. नवरा रांगेत, मी ठमीचं तोंड धुवायला पाणी शोधत होते. पाच मिनिटांत बघते तर ठमीच्या गळ्यात लाल दोरीची प्लास्टिकची शिट्टी. तेव्हा ती नीट वाजवता येत नव्हती, त्यामुळे मी दुर्लक्ष केलं. आता येते. फ्रिज उघडला, शिट्टी. तिच्या ठोकळ्यांना पाय लागला, शिट्टी. बाबा सोफ्यावर तिच्या जागी बसला, लांब शिट्टी. परवापासून ती मी माळ्यावर टाकली आहे. कुणी घेऊन दिली म्हणून विचारलं, तर आईंची नेमकी पूजा चालू असते.