आमची वाटचाल : मुरबाडची गुळवेल

गुळवेल विकून कोणी बंगला बांधत नाही, असं आमचे सासरे म्हणायचे. बंगला नाहीच झाला. पण मुरबाड रस्त्यालगतची आमची शेड उभी आहे आणि तिच्या पाटीवर अजून आमचंच नाव आहे, हे आधी सांगून टाकतो.

सुरुवात दोघांची. भांडवल माझं, रान ठाकूरवाडीतल्या दादांचं. कुठल्या कडुनिंबावर जुनी वेल चढली आहे, कुठली यंदा सोडायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आधी आम्ही कडबाकुट्टी आणली. तीत वेल कापली जात नव्हती, चेचली जात होती, आणि चिकट रसाने पाती धरून बसायची. मग दादांनी जुन्या कोयत्याचं पातं एका बाजूने लाकडाच्या ओंडक्याला खिळवलं, दुसऱ्या बाजूला मूठ बसवली. बोटभर लांबीचे, एकसारखे तुकडे पडायला लागले. पुढे चूर्ण दळायचा पल्व्हरायझर आला, ते चाळायची ऐंशी नंबरची बारीक जाळी आली, पण तो ओंडका काही आम्ही हलवला नाही. कापलेल्या तोंडावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसल्या पाहिजेत. नसतील तर माल बाजूला.

पहिल्या गिऱ्हाईक कल्याणच्या वैद्यबाई. प्रत्येक गोणीतला तुकडा चावून बघत. "दादा, कडू लागली तर पैसे. नाही लागली तर गोणी तुमची तुम्ही उचला." भावात घासाघीस मात्र कधी केली नाही.

मधली वर्षं बरी गेली. २०२० मध्ये काढ्याची लाट आली आणि ज्याला वेल ओळखता येत नव्हती तोही व्यापारी झाला. शेजारच्या तालुक्यातल्या एकाने पाड्यापाड्यांवर टेम्पो लावले. किलोमागे आमच्यापेक्षा जास्त, तेही रोख. अट काहीच नाही : मुळासकट आणा, ओली आणा, दिसेल ती वेल आणा. आमच्यासाठी वेल तोडणारी पोरं तिकडे गेली. त्यांना दोष देत नाही, लॉकडाऊनमध्ये घर चालवायचं होतं. पण दहा वर्षं जपलेल्या वेली त्याने एका उन्हाळ्यात उपटून नेल्या, हे मी विसरलेलो नाही.

मग २०२१. मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल पेपरात आला आणि आमचा फोन बंद पडल्यासारखा झाला. आयुष मंत्रालयाने जुलैमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये खुलासे केले. दिसायला सारखी, खोडावर गाठी असलेली दुसरी जात ओळखायची कशी तेही सांगितलं. खुलासा कोण वाचतो? पुढे १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात खऱ्या गुळवेलीवरही बोट ठेवलं होतं. तेव्हा सगळं खापर भेसळीवर फोडून मोकळं होता येत नाही, हे मलाही कळतं. पण गठ्ठ्याने भेसळ करणारा सुटला आणि गोण्या आमच्या परत आल्या. पावसाळ्यात चूर्णाला बुरशी धरली, ते सगळं खड्ड्यात पुरलं. बँकेचा हप्ता थकला, बायकोच्या बांगड्या गेल्या. त्या काळात वैद्यबाईंनी पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ पाठवले. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, नुसते पैसे.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. अंगठ्याएवढी जाड झाल्याशिवाय वेल तोडू नका. मूळ आणि खालचा हातभर बुंधा राहू द्या. वरचं टोकही झाडावर सोडा, ते जमिनीकडे मुळ्या सोडतं. तोडणी उन्हाळ्यात, पानं गळाल्यावर. वाळवताना थर पातळ, आणि तुकडा कट्‌कन मोडेपर्यंत गोणी शिवू नका. खात्री नसेल तर खोड चाचपा : गाठीगाठींचं असेल तर फेकून द्या. आणि गिऱ्हाइकालाही सांगा, यकृताचा जुना विकार किंवा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) आजार असेल, मधुमेहाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. असं सांगितल्याने चार गिऱ्हाइकं कमी होतात. होऊ द्यात.

गेल्या वर्षी तोच टेम्पोवाला व्यापारी आमच्या शेडवर आला. त्याच्या बाजूच्या रानात आता वेल मिळत नाही म्हणे. चहा पाजला. भाव सांगितला, पैसे आधी म्हटलं. कुरकुरत का होईना, त्याने मोजले. दादांनी माल काट्यावर चढवला, आणि बिलावर 'वाळलेली, निंबावरची' असं मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहायला लावलं.