दोन वर्षांच्या डिग्रीचा सोहळा करायचा का? माझा अनुभव

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजमधून अकाउंटिंगची असोसिएट डिग्री पुरी होत आली, तसा घरात विषय निघाला: समारंभाला जायचं का? ओळखीच्या एकीने सहज म्हटलं, "अगं, पुढे बॅचलर्स करणारच आहेस ना, मग तेव्हाच करू की मोठं." मलाही ते पटलं होतं. भारतात बी.ए. झालेली मी, इथे दोन वर्षांच्या डिग्रीसाठी कॅप-गाऊन घालायचा म्हणजे उगाचच वाटत होतं.

मत बदललं ते वर्गातल्या लोकांमुळे. साधारण ६० क्रेडिट्सची ही डिग्री कागदावर दोन वर्षांची. पण नोकरी, मुलं, घर सांभाळून सेमिस्टरला एक-दोन विषय घेणाऱ्यांची ती तेवढ्यात होत नाही. रात्रीच्या कॉस्ट अकाउंटिंगला माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई गोदामातली शिफ्ट संपवून थेट यायच्या. सुट्टीत एका हाताने सँडविच खात दुसऱ्या हाताने बेरजा तपासायच्या. त्यांच्या घरात कॉलेजला गेलेलं पहिलं माणूस म्हणजे त्याच, आणि समारंभाला त्या नातवंडांना घेऊन जाणार होत्या. त्यांच्यासमोर 'ही काय, छोटीच डिग्री' असं मी कधीच म्हटलं नसतं. मग स्वतःला तरी का म्हणायचं?

शिवाय ही म्हणजे अर्धवट बॅचलर्स नव्हे. तिच्यावर नोकऱ्या मिळतात. नर्सिंगमध्ये तर असोसिएट डिग्रीवर आरएनच्या (रजिस्टर्ड नर्स) लायसन्सची परीक्षा देता येते. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली निघालं, तेव्हापासून घराजवळ राहून कॉलेजची पहिली दोन वर्षं शिकायची सोय या देशात आहे. आणि पुढच्या डिग्रीचा भरवसा कुणी द्यावा? नोकरी बदलते, गाव बदलतं, घरात आजारपण येतं. झालेल्या कामाचा आनंद न झालेल्या कामापायी लांबवणं मला चुकीचं वाटायला लागलं.

ठरलं, आणि कामाला लागले. सगळे विषय पास झाले की डिग्री आपोआप हातात पडते असं नाही. बहुतेक कॉलेजांत ग्रॅज्युएशनचा अर्ज आपणच भरायचा असतो, आणि त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. त्यासाठी डिग्री ऑडिट, म्हणजे डिग्रीच्या कुठल्या अटी पुऱ्या झाल्या नि कुठल्या राहिल्या याचा तक्ता, काढलं तर भारतातले इंग्रजीचे क्रेडिट्स ऐच्छिक विषयांत टाकलेले, आणि इंग्रजीची अट 'अपूर्ण'! ॲडव्हायजरकडे खेटे घातले, बी.ए.चा जुना अभ्यासक्रम दाखवला, तेव्हा कुठे ते मार्गी लागलं. समारंभाची नोंदणी आणखी वेगळी, गाऊनची ऑर्डर वेगळी, पाहुण्यांची तिकिटंही मोजकीच. हे सगळं शेवटच्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावं.

समारंभाच्या संध्याकाळी रांगेत प्रत्येकाच्या हातात नावाचं कार्ड होतं. नाव कसं उच्चारायचं ते त्यावर लिहायचं. माझ्या आडनावात 'ळ' आहे. नावं पुकारणारे प्राध्यापक स्वतः रांगेपाशी आले, मला दोनदा म्हणायला लावलं, कार्डावर पेन्सिलीने खूण केली आणि ओठातल्या ओठात घोकत पुढे गेले. स्टेजवर माझं नाव जवळजवळ बरोबर आलं. तिकडे आई पहाटे उठून मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघत होती. तिला ते नाव ऐकू आलं, यातच मला सगळं मिळालं. असोसिएटवाल्यांना पाठीवरचा हूड नसतो, तो बॅचलर्सपासून पुढे. पण कॅपवरचा गोंडा उजवीकडून डावीकडे न्यायला सांगितलं, तेव्हा गोदामवाल्या बाईंचा हात थरथरत होता, आणि माझाही.

स्टेजवर मिळतं ते नुसतं रिकामं फोल्डर, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. शेवटचे मार्क तपासून झाल्यावर खरा डिप्लोमा मागाहून येतो. माझा उन्हाळ्यात पोस्टाने आला.

घरी मोठी पार्टी केली नाही. माझ्या परीक्षांच्या दिवसांत ज्यांनी लेकीला शाळेतून आणलं, जेवू घातलं, झोपवलंसुद्धा, त्या शेजारणींना आणि दोन मैत्रिणींना जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली. लेकीने माझी कॅप घालून सगळ्यांना वाढलं. भेटवस्तू आणू नका असं बजावलं होतं, कारण त्या दिवशी देणं माझ्याकडे लागत होतं. कुणाला मोठा हॉल घ्यावासा वाटला तर जरूर घ्यावा. मला मात्र आभार मानायला माणसं समोर, हाताच्या अंतरावर हवी होती.

एक गोष्ट राहिली. पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणार असाल तर अंतिम ट्रान्स्क्रिप्ट पाठवायची घाई करू नका. डिग्री मिळाल्याची नोंद तिच्यावर चढली आहे का ते आधी बघा. त्याआधीच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये नुसते विषय आणि ग्रेड दिसतात, डिग्री दिसत नाही.