कपारीतली घरं, एक सेंटचं तिकीट

माझ्याकडचं एक जुनं पोस्टकार्ड असं आहे की त्यावर पत्र आभाळातच लिहिलंय. खाली पिवळट कडा, कड्याच्या पोटात दगडी घरांची दाटी. वरच्या मोकळ्या जागेत बारीक शाईत कुणी मैत्रिणीला कळवतेय की पाय भयंकर दुखतायत आणि शिड्या अजून संपल्या नाहीत. मागे पत्ता आणि फ्रँकलिनचं हिरवं एक सेंटचं तिकीट, बस. अमेरिकेत मार्च १९०७ पर्यंत पोस्टकार्डाच्या मागे फक्त पत्ताच लिहायचा नियम होता. मजकूर चित्रावर, मिळेल त्या कोपऱ्यात. कोरी करकरीत कार्डं हवी असणाऱ्यांना ती लखलाभ. मला अशी शाईने बरबटलेलीच आवडतात.

कोलोरॅडोत राहायला आल्यावर हा नाद लागला. कुणी विचारलं, कसली कार्डं जमवतेस, तर मराठीत उत्तर देताना अडखळायला होतं. 'लेणी' तोंडावर येतं, पण ते चूक. लेणं खडक कोरून होतं. इथे वालुकाश्मात आपोआप पोकळी पडलेली, आणि इथल्या मूळ रहिवासी प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी तिच्यात दगड-मातीच्या भिंती चढवल्या. कोलोरॅडोतल्याच मेसा व्हर्डे या राष्ट्रीय उद्यानातली बहुतेक घरं बाराव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या ऐंशीएक वर्षांत बांधलेली, आणि १३०० च्या सुमाराला ती सोडूनही दिलेली. मी आपली 'कपारीतली घरं' म्हणते.

सगळ्यात जास्त कार्डं मेसा व्हर्डेतल्या क्लिफ पॅलेसची, अकरा. सुमारे दीडशे खोल्यांचा हा पसारा. डिसेंबर १८८८ मध्ये चुकार गुरं शोधत फिरणाऱ्या रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन यांच्या तो नजरेस पडला. (त्या भागातल्या मूळ रहिवासी युट लोकांना तो आधीपासून माहीत होता, पण 'शोध' नेहमी कागदावर नोंद करणाऱ्याच्या नावावर लागतो.) या कार्डावर मी आधी ढिगारा शोधते. घरांपुढचा उतार पडक्या दगडांनी भरलेला असेल, चौकोनी बुरुजाचा कोपरा ढासळलेला असेल, तर मूळ फोटो १९०९ च्या आधीचा. त्या वर्षी पुरातत्त्वज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी तिथे साफसफाई आणि डागडुजी केली. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख मात्र फसवते. छापणारे एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत, त्यामुळे भिंती सावरून झाल्या तरी कार्डावर त्या पडलेल्याच राहिल्या.

रंगांवर तर अजिबात विसंबू नये. निगेटिव्ह काळंपांढरं, रंग छापखान्याचे. १९३० नंतरची, कापडासारख्या खरखरीत कागदाची 'लिनन' कार्डं बघा, आभाळ निळीत बुडवून काढल्यासारखं आणि कडा गाजराच्या हलव्यासारखा. शिकागोच्या कर्ट टाइक या छापखान्याच्या कार्डांवर निदान क्रमांकातून साल तरी निघतं, ५ए म्हणजे १९३५. प्रत्यक्षात तो दगड फिकट, साय धरलेल्या दुधासारखा, आणि संध्याकाळी सावली चढते तेव्हाचा त्याचा रंग माझ्याकडच्या एकाही कार्डात नाही. भिंग लावून ठिपके दिसले नाहीत तर ते कार्ड छापील नसून खरा फोटो. अशी माझ्याकडे फक्त तीन आहेत.

आता फजिती. मी घेतलेलं पहिलंच कार्ड, बारा डॉलर मोजलेलं, कोलोरॅडोतल्याच मॅनिटू स्प्रिंग्ज गावचं. सुबक भिंती, सारख्या खिडक्या, मी खूश. वर्षभराने कळलं की ती घरं तिथली नाहीतच. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या मॅकेल्मो कॅन्यनमधल्या पडक्या घरांचे दगड काढून, रेल्वेने आणून, पाइक्स पीकच्या पायथ्याशी सिमेंटने पुन्हा रचले आणि १९०७ मध्ये ते पर्यटकांसाठी खुलं केलं. मेसा व्हर्डे दूर, तिथवर तेव्हा कोण जाणार, म्हणून घरंच गिऱ्हाइकाच्या दारात! मी घरी चिडचिड केली. नवरा चहा ढवळत म्हणाला, "अगं, पण दगड तर खरे आहेत ना?" या वाक्याने मला जास्तच राग आला, कारण दगड खरे आहेत हीच तर त्यातली वाईट गोष्ट. कुठे तरी एक घर त्यासाठी उखडलं गेलं. कार्ड फेकलं मात्र नाही. अल्बमचं पहिलं पान त्याचंच.

गेल्या वर्षी अॅरिझोनात माँटेझुमा कॅसलला गेलो. नाव सपशेल चुकीचं. हा किल्ला नाही, आणि माँटेझुमा हा अॅझ्टेक राजा जन्माला यायच्या आधीच इथले मूळ रहिवासी सिनाग्वा लोक हे पाच मजली घर सोडून गेले होते. पर्समधून एक जुनं कार्ड काढून मी ते कड्यासमोर धरलं. कार्डात कड्याला शिड्या टेकवलेल्या आहेत आणि हॅट घातलेला एक माणूस अर्ध्यावर चढलाय. लोकांच्या वर्दळीने घराचं नुकसान होतं म्हणून १९५१ मध्ये वर जाणं बंद केलं, तेव्हा आता खालच्या पायवाटेवरूनच बघायचं. कार्ड पुढेमागे करत मी खिडकी खिडकीशी जुळवली. नवऱ्याने कार्ड हातातून घेऊन उलटं केलं आणि मागची एकुलती एक ओळ मोठ्याने वाचली: पोचलो, गाडी दोनदा तापली, हॅरी वर जाऊन आला, मी नाही.